बेशुद्ध पेशंटची साखर पहिल्या पाच मिनिटांत बघा: बेळगाव जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव;
सर्व तालुका आरोग्य अधिकारी;
१०८ रुग्णवाहिकांवरचे कर्मचारी;
आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे आमचे खासगी सहकारी यांस,

स. न. वि. वि.

आमची मागणी एका ओळीची आहे. शुद्ध हरपलेला, बरळणारा, फिट आलेला, प्यायल्यासारखा वागणारा किंवा एक बाजू लुळी पडलेला कोणीही पेशंट आला, की नाडी-बीपीच्या बरोबरीने त्याची साखर पहिल्या पाच मिनिटांत बघावी आणि तो आकडा वेळेसकट चिठ्ठीवर लिहावा. पेशंट डायबेटिसचा असो वा नसो. बाकीचे लांबलचक पत्र आहे ते या साध्या गोष्टीच्या आड काय काय येते त्याबद्दल.

मेंदूजवळ साखरेचा साठा जवळजवळ नसतो. रक्तातून येईल त्यावरच त्याचे चालते. रक्तातली साखर १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की आधी शरीर बोंब मारते: घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, अचानक लागलेली भूक. ५४ च्या खाली मेंदू अडखळू लागतो. बोलणे जड होते, माणूस चिडतो, ओळख विसरतो, कपडे ओढतो, मग फिट किंवा बेशुद्धी. हा क्रम पुस्तकातला. कॅज्युअल्टीत तो असाच दिसेल याची खात्री नाही. वर्षानुवर्षे डायबेटिस असलेल्यांना आणि ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांना पहिली लक्षणे जाणवतच नाहीत. बोलता बोलता माणूस सरळ आडवा होतो. बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल किंवा प्रोप्रानोलॉल चालू असेल तर थरथर आणि धडधड दबते. घाम मात्र दबत नाही. म्हणून बेशुद्ध पेशंटचे कपाळ गार-चिकट आणि सदरा पाठीला चिकटलेला असेल, तर बाकी काही सुचायच्या आधी साखर सुचली पाहिजे.

फसवणूक सगळ्यात जास्त होते ती लकव्यात. साखर उतरल्यावर एक हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोली जाणे हे सगळे होऊ शकते, आणि साखर दिल्यावर काही मिनिटांत सगळे जागच्या जागी येऊ शकते. निपाणी किंवा संकेश्वरहून असा पेशंट सीटी स्कॅनसाठी बेळगावला किंवा कोल्हापूरला धाडला, तर हायवेवर जाणारा सगळा वेळ मेंदू उपाशी राहतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायच्या आधी जी एकच रक्ततपासणी हाती असायलाच हवी असे मानतात, ती साखरेची. मोठे दवाखाने ती करतात. मुद्दा आहे त्या आधीच्या दवाखान्याचा आणि मधल्या रुग्णवाहिकेचा.

दुसरी फसवणूक दारूची. तोंडाला वास येतोय म्हणून माणसाला व्हरांड्यात झोपवून ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणायचे, हे घातक आहे. उपाशीपोटी दारू घेतली की यकृताचे नवी साखर तयार करण्याचे काम बंद पडते. म्हणजे दारूचा वास हे साखर कमी असण्याचे एक कारण झाले, साखर न बघण्याचे कारण नव्हे. हायवेवर गाडी दुभाजकावर घातलेला ड्रायव्हर, पोलिसांनी आणलेला रस्त्यावरचा माणूस, सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेच्या यात्रेत उपाशीपोटी चढलेली आणि ‘अंगात आले’ म्हणून जिच्या कपाळाला भंडारा लागला आहे ती बाई, या सगळ्यांना एक थेंब रक्त आणि एक स्ट्रिप लागते. फिट थांबवायला मिडाझोलाम, मग फेनिटॉइन असे चढत जायच्या आधीसुद्धा तेच. साखर २८ असताना आलेली फिट नुसत्या फिटच्या औषधांनी आटोक्यात येत नाही.

आता ग्लुकोमीटर. साखर मोजायचे हे यंत्र सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. आंतरराष्ट्रीय निकषात (आयएसओ १५१९७, २०१३) साखर १०० च्या खाली असताना १५ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे मीटरवर ७८ दिसले तेव्हा खरी साखर ६३ असू शकते. घाम आणि बरळणे समोर असताना ‘७८ आहे, नॉर्मल आहे’ म्हणून थांबू नये. साखर द्यावी आणि पुन्हा बघावी.

बोटाचे नीट बघा. आपला जिल्हा उसाचा. गळीत हंगामात तोडीवरून, गुऱ्हाळावरून आलेल्या माणसाच्या बोटांना रस किंवा गूळ असतो. घरच्यांनी तोंडात गूळ कोंबायचा प्रयत्न केला असेल तर पेशंटच्याही हाताला तो लागतो. त्या बोटातून घेतलेला थेंब ४० च्या जागी १४० दाखवू शकतो, आणि मग पुढचे सगळे चुकते. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून गूळ जात नाही. पाण्याने पुसावे, कोरडे करावे, पहिला थेंब कापसाने टिपून टाकावा आणि दुसरा घ्यावा. स्पिरिट वापरलेच तर ते पूर्ण वाळू द्यावे. बोट पिळू नये; खाली लोंबते ठेवून बुडाशी हलके दाबावे आणि पेराच्या कडेला टोचावे. पेशंट शॉकमध्ये असेल, हात गार असतील, तर बोटाचा आकडा भरवशाचा राहत नाही. तेव्हा सलाईनसाठी सुई घालतानाच शिरेतला थेंब घ्यावा, पण ज्या हातात डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचे ग्लुकोज) चालू आहे त्या हातातून नव्हे. रक्त फार कमी असलेल्या पेशंटमध्ये मीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतो हेही ध्यानात असावे; आपल्या भागातल्या बायकांमध्ये रक्ताची कमतरता काही दुर्मीळ नाही.

स्ट्रिपची डबी उघडी राहिली की स्ट्रिप ओल खाते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ही गोष्ट एका दिवसात होते. झाकण लगेच लावावे, स्ट्रिप काढून खिशात ठेवू नयेत, डबी फोडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहावी. घाटमाथ्यावरच्या केंद्रांना सुट्या फॉइलमध्ये बंद स्ट्रिपा दिल्या तर फार बरे. उन्हाळ्यात उलटी अडचण: अथणी-रायबागकडे उन्हात उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेच्या काचेखाली ठेवलेला मीटर तापून चालतच नाही. आणि मीटरवर ‘लो’ अशी अक्षरे आली तर बॅटरी उतरली असे समजून तो बाजूला ठेवू नका. बहुतेक मीटरवर याचा अर्थ साखर २० च्या खाली आहे. ती अक्षरे दिसताच डेक्स्ट्रोज सुरू करायचे, दुसरा मीटर शोधत बसायचे नाही.

मीटर नसेल, बिघडला असेल, स्ट्रिपा संपल्या असतील, आणि चित्र साखर कमी झाल्याचे असेल तर? तरीही द्या. साखर आधीच ३०० असलेल्या माणसाला थोडी आणखी गेली तर ती नंतर उतरवता येते. २५ असलेल्या मेंदूला अर्धा तास उपाशी ठेवले तर जे जाते ते परत आणता येत नाही.

शुद्धीवर असलेल्या, गिळू शकणाऱ्या पेशंटला १५ ते २० ग्रॅम साखर तोंडाने द्यायची: चहाचे तीन ते चार सपाट चमचे साखर अर्धा कप पाण्यात, किंवा तितकीच ग्लुकोज पावडर, किंवा साधारण १५० मिलिलिटर फळांचा गोड रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचे, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तितकेच. चढल्यावर भाकरी, भात, चपाती, असेल ते जेवण. नुसत्या दोन बिस्किटांवर उठवून पाठवू नका.

पेढा, बेळगावचा कुंदा किंवा गोकाकचे करदंट हे त्या क्षणी कामाचे नाही. माणूस प्रेमाने तेच पुढे करतो, पण खव्यातल्या, तुपातल्या, सुक्यामेव्यातल्या चरबीमुळे साखर पोटातून उशिरा सुटते. आणि एक गोष्ट आमच्या मते इथे फारच कमी लोकांना माहीत आहे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी (आजकाल ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकाच गोळीत सर्रास येतात) घेणाऱ्याला चहाची साखर, गूळ किंवा उसाचा रस नीट लागू पडत नाही, कारण ती गोळी आतड्यात साखर फोडण्याचीच क्रिया अडवते. त्याला ग्लुकोज पावडर हवी. नसेल तर मध, तोही नसेल तर दूध. गोळीचे पाकीट वाचायचे ते याचसाठी.

बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी, सरबत, काही ओतू नका. ते फुप्फुसात जाते. कुशीवर वळवा, श्वासाची वाट मोकळी ठेवा, आणि शीर शोधा.

प्रौढाला एका वेळी २५ ग्रॅम ग्लुकोज शिरेतून जावे. २५ टक्क्यांचे डेक्स्ट्रोज असेल तर १०० मिलिलिटर, १० टक्क्यांचे असेल तर २५० मिलिलिटर, ५० टक्क्यांचे असेल तर ५० मिलिलिटर. इथे एक चूक आम्हाला हमखास दिसते. २५ टक्क्यांचे अँप्युल २५ मिलिलिटरचे येते. त्यात जेमतेम सव्वासहा ग्रॅम ग्लुकोज असते. एक अँप्युल देऊन ‘डी-२५ दिले’ असे लिहिले जाते आणि पेशंट उठत नाही म्हणून दुसरा आजार शोधला जातो. चार अँप्युल लागतात. १०० मिलिलिटरची बाटली ठेवली तर हा घोळच राहत नाही. ती पाच ते दहा मिनिटांत द्यावी, दहा-पंधरा मिनिटांनी साखर बघावी, ७० च्या वर नसेल तर पुन्हा. म्हातारी माणसे आणि हृदयाचे पेशंट यांना १० टक्के डेक्स्ट्रोज १००-१०० मिलिलिटरच्या टप्प्यांनी दिले तर साखर एकदम उसळत नाही आणि शिरेलाही जाच कमी होतो. जिथे जे आहे ते वापरावे. दहा टक्क्यांची बाटली मिळावी म्हणून पंचवीसची थांबवू नये.

१० टक्के मिळत नसेल तर तयार करता येते: ५ टक्क्यांचे ७५ मिलिलिटर आणि २५ टक्क्यांचे २५ मिलिलिटर मिसळले की १०० मिलिलिटर दहा टक्के होते. हा हिशोब प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा, कारण रात्री दोन वाजता तो कोणालाच सुचत नाही.

सलाईन लावली म्हणजे साखर गेली असे नव्हे. आर.एल. (रिंगर लॅक्टेट) आणि एन.एस. (साधे मिठाचे सलाईन) यांत साखरेचा कणही नसतो. डी.एन.एस. (डेक्स्ट्रोज घातलेले एन.एस.) किंवा ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम असते खरे, पण ती चार तासांत उतरवली तर तासाला सव्वासहा ग्रॅम पडतात. बेशुद्ध पेशंटला तेवढे पुरत नाही. ‘बाटली चालू आहे’ या भरवशावर रुग्णवाहिका निघते आणि साखर तिथेच राहते.

शीर मोठी घ्यावी, कोपराच्या वळणातली, १८ किंवा २० नंबरचे व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची नळी), आधी एन.एस. सोडून ती वाहते आहे याची खात्री करून. मनगटाच्या मागच्या बारीक शिरेतून ५० टक्क्यांचे डेक्स्ट्रोज बाहेर झिरपले तर कातडी काळी पडून गळते, कधी हात वाचवायला ऑपरेशन लागते. देताना पेशंट कण्हला, सुई भोवती फुगले, तर जागच्या जागी थांबवा. दिल्यावर २० मिलिलिटर एन.एस.ने शीर धुवा. रोज पिणाऱ्या किंवा बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला थायमिन (जीवनसत्त्व बी-१) १०० मिलिग्रॅम शिरेतून द्यावे. ग्लुकोजच्या आधी किंवा बरोबर. पण थायमिनची वाट बघत ग्लुकोज अडवून ठेवू नये.

शीर मिळतच नसेल तर ग्लुकॅगॉन १ मिलिग्रॅम मांडीत किंवा दंडात. २५ किलोच्या आतल्या मुलाला निम्मे. परिणामाला दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि दारूड्या, उपाशी किंवा लिव्हर खराब असलेल्या माणसात ते फारसे चालत नाही, कारण ते यकृतातली शिल्लक साखर बाहेर काढते आणि तिथे शिल्लकच नसते. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, महागही आहे. त्यावर मदार ठेवू नये.

साखर ७० च्या वर येऊन पंधरा-वीस मिनिटे झाली तरी पेशंट जागा होत नसेल, तर मात्र दुसरे काही आहे: डोक्याला मार, खराच लकवा, मेंदूज्वर, दुसरे विष, किंवा साखर फार वेळ खाली राहून सुजलेला मेंदू. तेव्हा पाठवा, डेक्स्ट्रोज चालू ठेवून.

जागा झालेल्या पेशंटबद्दल आमचा सगळ्यात जास्त आग्रह आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्यांनी साखर उतरली असेल तर पेशंट बाटलीनंतर उठून बसतो, चहा पितो, घरचे ‘नेतो आता’ म्हणतात. आणि रात्री तोच पेशंट पुन्हा बेशुद्ध. गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते. वरून दिलेली साखर त्या इन्सुलिनला आणखी चेव आणते. किडनी मंद असेल तर हे दोन-तीन दिवस चालू शकते. असा पेशंट निदान २४ तास ठेवायचा, म्हातारा किंवा किडनीचा असेल तर ४८. दहा टक्के डेक्स्ट्रोज तासाला १०० मिलिलिटर, म्हणजे २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण ३३ थेंब. साखर पहिले काही तास तासातासाला, रात्रीसुद्धा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करायचेच. साखर पुन्हा पुन्हा पडत असेल तर ऑक्ट्रिओटाइड (इन्सुलिन सुटणे रोखणारे औषध) ५० मायक्रोग्रॅम कातडीखाली, दर सहा ते आठ तासांनी; हे औषध जिल्हा पातळीवर तरी फ्रीजमध्ये असावे. इन्सुलिनने उतरली असेल तर कोणते इन्सुलिन ते विचारा. साधे सहा-आठ तास पुरते, ३०/७० हे मिश्र इन्सुलिन बारा तासांच्या पुढे जाते, ग्लार्जिन दिवसभर. घरी पाठवताना जुनाच डोस तसाच चालू ठेवायला सांगणे म्हणजे पुढच्या खेपेची तारीख ठरवणे.

साखर का उतरली हे शोधल्याशिवाय काम पुरे होत नाही, आणि आमच्या सीमाभागात याची काही खास कारणे आहेत. इथला माणूस एका डॉक्टरचा नसतो. खानापूरकर गोव्याला जातो, निपाणीकर कोल्हापूरला, चंदगड-गडहिंग्लजची लेक माहेरच्या आईला आपल्याकडच्या डॉक्टरला दाखवते. सरकारी केंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळतात त्या वेगळ्याच. प्रत्येक पाकिटावर वेगळे नाव, आत तेच ग्लिमेपिराइड. म्हातारी दोन्ही घेते, कारण दोन डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या आहेत. पेशंट आला की नातेवाइकाला ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत’ असे विचारू नका, त्याने काय सांगायचे? घरातली औषधांची सगळी पिशवी आणायला सांगा, आणि व्यापारी नावाखालच्या बारीक अक्षरांतले औषधाचे नाव वाचा.

इन्सुलिनचे आणखी एक. बाटलीतले इन्सुलिन आपल्याकडे बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे, पेनमधल्या काडतुसातले १०० युनिटचे. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. पेन बिघडले म्हणून काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर अंगात ५० युनिट जातात. अडीचपट. मेडिकल दुकानात सिरिंज मागताना कोणी हे सांगत नाही आणि कोणी विचारत नाही.

शिवाय नेहमीची कारणे आहेतच. जुलाब-उलट्यांनी जेवण बंद, गोळी चालू. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे, पंढरीची पायी वारी: उपवास किंवा चाल वाढली, डोस तोच. लिव्होफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक, फ्लुकोनाझोल, ट्रामाडॉल यांपैकी काही डायबेटिसच्या गोळीबरोबर नव्याने सुरू झाले. ‘शुगर मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्याची पुडी. अशा पुड्यांत साखर उतरवणारी आधुनिक गोळी दळून घातलेली निघाल्याचे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. आणि डायबेटिस नसताना साखर उतरली असेल तर जंतुसंसर्ग रक्तात पसरला आहे का, लिव्हर कसे आहे, मलेरियासाठी क्विनीन चालू आहे का, गुडघेदुखीच्या पुडीतले स्टेरॉइड अचानक बंद झाले आहे का, हे बघा.

लहान मुलांबद्दल थोडक्यात. मुलाला १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला ५ मिलिलिटर. म्हणजे दहा किलोच्या मुलाला ५०. नवजात बाळाची साखर ४५ च्या खाली असेल आणि शिरेतून द्यायची वेळ आली, तर किलोला २ मिलिलिटर. अडीच किलोच्या बाळाला ५ मिलिलिटर. पंचवीस किंवा पन्नास टक्क्यांचे डेक्स्ट्रोज बाळाला जसेच्या तसे कधीही देऊ नका. कमी वजनाचे, दिवस भरायच्या आधी झालेले किंवा डायबेटिसच्या आईचे बाळ पुढे पाठवताना गरम ठेवा, पाजून पाठवा आणि निघण्यापूर्वी साखर बघा. कुपोषित मुलात ५४ ही सीमा धरा. शुद्धीत असेल तर एक भरलेला चमचा साखर ५० मिलिलिटर पाण्यात घालून लगेच द्या.

भीमगडच्या जंगलातल्या गवाळी, कोंगळा यांसारख्या वाड्यांतून पावसाळ्यात पेशंट माणसांच्या खांद्यावरून येतो. तिथे आशा कार्यकर्तीच काय ती पहिली. बेशुद्ध मुलाला शिरेतून देणे शक्य नसेल तर एक चमचा साखर पाण्याच्या एक-दोन थेंबांनी ओली करून जिभेखाली ठेवायची, विरघळली की दर दहा-वीस मिनिटांनी पुन्हा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. मूल कुशीवर हवे आणि साखर ओलसर, पातळ नव्हे. वाट तुडवत येणाऱ्या दोन-तीन तासांत हेच एक हातात असते.

तेव्हा आमच्या मागण्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कॅज्युअल्टी ट्रेमध्ये आणि प्रत्येक १०८ गाडीत चालू मीटर, मुदतीतल्या स्ट्रिपा, २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलिलिटरच्या तीन बाटल्या, ग्लुकोज पावडर, थायमिन. पाळी बदलताना ऑक्सिजन सिलिंडर बघतात तसा मीटरही बघून वहीत सही. पाठवण्याच्या चिठ्ठीवर ‘साखर’ आणि ‘वेळ’ असे दोन छापील रकाने. ते कोरे असतील तर चिठ्ठी अपुरी समजावी. आशांच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी. साठीच्या वरच्या कोणाला ग्लिबेनक्लामाइड चालू असेल तर ते बदलावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते साठीपुढे योग्य नाही असे म्हटले आहे. आणि गोळ्यांबरोबरची सूचना कन्नडच्या जोडीला मराठीतही छापावी. खानापूर, निपाणी, बेळगावच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येते ते मराठीच, आणि डोसची सूचना वाचता आली नाही तर ती दिलीच नाही असे होते. या कागदाला राजकारणाचा रंग कोणी देऊ नये.

त्या पाकिटावर छापायचा मजकूर आम्ही सोबत देत आहोत. कन्नड मजकूर आपल्या कार्यालयाने करून घ्यावा.

‘जेवणार नसाल तर ही गोळी घेऊ नका, डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा गोंधळ वाटला तर लगेच चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या, आणि मग जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात येताना घरातली सगळी औषधे बरोबर आणा, दुसऱ्या डॉक्टरांची सुद्धा.’

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागात आकस्मिक सेवेत काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका